कागदावरचा त्रिकोण

३ मार्च, सोमवार

आज निर्णय झाला. मेहुण्याच्या यंत्राचं मॅन्युअल मी करणार.

मेहुण्याचा छोटा कारखाना आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवणारं यंत्र त्याने बनवलंय. चार चाकं, एक लोखंडी हात आणि हाताला टांगलेली कापडी झोळी. एका मोठ्या वृद्धाश्रमाला अशी यंत्रं प्रत्येक मजल्यावर हवी आहेत. ऑर्डर मिळाली तर कारखाना तरेल, नाहीतर कुलूप लागेल, असं तो स्वतःच म्हणाला. वृद्धाश्रमाची अट अशी की सोबत मॅन्युअल हवं, वेबवर आणि छापील, दोन्ही. आणि चाचणीच्या दिवशी त्यांच्या सिस्टर नुसतं छापील मॅन्युअल वाचून यंत्र चालवून बघणार. कोणी काही सांगायचं नाही.

मेहुणा म्हणाला, भावोजी, तुम्ही ऑफिसात हेच करता, चार पानं लिहून द्या.

चार पानं म्हणे. मी नुसता हसलो. माणसाला आपल्या दारात कोण उभं आहे हे कळायला वेळ लागतो.

५ मार्च, बुधवार

तत्त्व स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे डगमगायला नको.

मजकूर एकदाच लिहायचा. त्यात प्रत्येक गोष्टीला टॅग लावायचा: हे शीर्षक, ही पायरी, हा इशारा. रंग, अक्षर, समास यांचा मजकुराशी संबंध नाही. ते सगळं स्टाइलशीट नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये. मग एक कमांड दिली की त्याच फाईलमधून एकीकडे वेबपेज निघतं, दुसरीकडे छापायचं पुस्तक. एक उगम, दोन प्रवाह. जगात जेवढी म्हणून गुलामी आहे तिचं मूळ एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिण्यात आहे.

हे मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मांडलं होतं. टाळ्या पडल्या. शेवटी पडल्या, पण मनापासून पडल्या. नंतर साहेब म्हणाले की विचार उत्तम आहे, आपण मात्र वर्डमध्येच करत राहू. त्या दिवसापासून मी एका संधीची वाट पाहत होतो. ती लोखंडी हात आणि झोळी घेऊन येईल असं वाटलं नव्हतं.

९ मार्च, रविवार

कारखान्यात गेलो. मेहुण्याने यंत्र चालवून दाखवलं. बोलताना ग्रीस लागलेले हात पँटला पुसतो. ब्रेकबद्दल पुन्हा पुन्हा सांगत होता: उचलायच्या आधी चारही चाकांचे ब्रेक लागले पाहिजेत, भावोजी, हे तेवढं ठळक लिहा. मी त्याला समजावलं की ठळक असं काही नसतं. ‘महत्त्वाचं’ असतं. ठळक हे त्याचं एक रूप, उद्या ते लाल असेल, परवा चौकटीत. तो म्हणाला, बरं, पण दिसेल ना?

साध्या माणसांना रूपापलीकडे जाता येत नाही. यात त्याचा दोष नाही.

१४ मार्च, शुक्रवार

मजकूर अजून सुरू केला नाही. घाई नाही. आठवडा समासात गेला. आतला समास बाहेरच्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर शिवणीत अक्षरं बुडतात. हे कोणी विचारातच घेत नाही.

बायकोने विचारलं, किती पानं झाली? म्हटलं, पाया चाललाय. ती म्हणाली की पायाचा तिला चांगला अनुभव आहे, बेडरूममधल्या पुस्तकांच्या कपाटाचाही पायाच तेवढा झालेला आहे, आणि पुस्तकं जमिनीवर आहेत.

उद्यापासून रोज दोन पानं. हा संकल्प.

१५ मार्च, शनिवार

अक्षराचा नमुना बदलला. दोन पानं उद्या. म्हणजे उद्या चार.

१९ मार्च, बुधवार

मजकूर झाला. बसल्या बैठकीत झाला. पाया पक्का असला की असं होतं. (साहेबांना ताप असल्याचं कळवलं होतं. ताप नव्हता असं म्हणता येणार नाही, वैचारिक होता.)

एक अडचण आली. इशारे फार. ब्रेक लावा, पट्टा तपासा, वजन बघा, हात मध्ये घालू नका. सगळे लाल चौकटीत. वेबपेज गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. हे पाहून वृद्धाश्रम यंत्र घेईल की पळून जाईल?

संध्याकाळी तोडगा सुचला. घडी. प्रत्येक इशारा घडी घालून ठेवायचा. वर फक्त एक नाजूक त्रिकोण आणि ‘सूचना’ एवढा शब्द. ज्याला हवं त्याने त्रिकोण दाबावा, सूचना उलगडते. ज्याला नको त्याला ती दिसत नाही. वाचकावर विश्वास टाकणं म्हणजे हेच. पान एकदम शांत झालं, पहाटेच्या मैदानासारखं.

सासऱ्यांना फोनवर दाखवलं. ते म्हणाले, छान, स्वच्छ आहे. मग म्हणाले, यात लिहिलंय कुठे?

२३ मार्च, रविवार

बायको म्हणते, छापायला देण्याआधी एक प्रत घरच्या प्रिंटरवर काढ आणि बसून वाच.

मी तिला शांतपणे सांगितलं की हे तत्त्वातच बसत नाही. उगम एक आहे. वेब बरोबर असेल तर छापील बरोबर असलंच पाहिजे. छापील प्रत वेगळी तपासणं म्हणजे ज्या पुलावरून साऱ्या गावाला जा म्हणून सांगितलं तो पूल आपण वाकून वाकून बघणं. श्रद्धा असेल तर चालायचं, नसेल तर पूल बांधायचाच नाही. मधली वाट भेकडांची.

मी हे मांडत असताना ती कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेली. शेवटचा भाग मी बाल्कनीच्या दारात उभा राहून पूर्ण केला. समोरच्या इमारतीतला एक गृहस्थ लक्ष देऊन ऐकत होता.

२७ मार्च, गुरुवार

पुस्तकं छापून आली. गठ्ठा फोडला. वास. मी कव्हर पाहिलं आणि मधलं एक पान. समास अप्रतिम. कागदावर तो त्रिकोण किती देखणा उमटलाय! जुन्या ग्रंथातल्या नक्षीसारखा.

मेहुण्याने एक प्रत हातात घेतली, वजन केल्यासारखी खालीवर केली आणि म्हणाला की एवढं सुंदर पुस्तक आमच्या यंत्राला शोभेल की नाही कोण जाणे. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही. वाचलं मात्र दोघांनीही नाही. आता वाटतं

(हे वाक्य का सुरू केलं आठवत नाही. काही वाटत नाही. उत्तम झालंय.)

२९ मार्च, शनिवार, सकाळी

आज चाचणी. कोट घातलाय. दोन शब्द बोलायला सांगितले तर तयारी असावी म्हणून थोडी टिपणं केलीत. ‘शब्द उचलतो, लोखंड नाही’ अशी सुरुवात.

संध्याकाळी

डोकं दुखतंय. उद्या लिहीन.

३० मार्च, रविवार

लिहायलाच हवं, म्हणून लिहितो.

झोळीत बसायला सासरे तयार होते. त्यांचे गुडघे गेलेत. त्यांनीच हट्ट धरला, की मुलाच्या यंत्रात पहिला मी बसणार. वृद्धाश्रमाचा मोठा हॉल, बाजूला खुर्च्यांवर म्हातारी मंडळी, मध्ये पलंगावर सासरे आणि शेजारी व्यवस्थापक. मोठ्या सिस्टर पुस्तक हातात घेऊन मोठ्याने वाचत होत्या. पायरी एक, झोळी अंगाखाली सरकवा. सरकवली. पायरी दोन, पट्टे अडकवा. अडकवले. तिथे सिस्टर थांबल्या. पानाजवळ चेहरा नेला. मग त्यांनी कागदावरचा त्रिकोण बोटाने दाबला. पुन्हा दाबला. इकडेतिकडे पाहिलं आणि पुढे वाचलं. पायरी तीन, दांडा खालीवर करून रुग्णाला उचला.

सासरे वर गेले. सगळे वा म्हणाले.

हॉल धुतला की पाणी व्हरांड्याकडे जावं म्हणून तिथल्या जमिनीला थोडा उतार आहे. यंत्र हलकेच निघालं. सासरे झोळीत, पाय लोंबकळताहेत, आणि यंत्र खुर्च्यांच्या रांगेसमोरून असं संथ चाललंय की जणू मिरवणूक. एका आजींनी त्यांना विचारलं, कुठे निघालात? ते म्हणाले, पुस्तकात असेल. सिस्टर बाजूने चालत पानं उलटत होत्या. व्यवस्थापक ओरडले, थांबवा की. सिस्टर म्हणाल्या, “पुस्तकात थांबवायचं काही लिहिलेलं नाही.”

धुवायच्या चादरींच्या ढिगाऱ्यात जाऊन यंत्र थांबलं. कोणाला लागलं नाही.

मग व्यवस्थापक वाकले, चाकं पाहिली, आणि म्हणाले की ब्रेक कमजोर दिसतात, असं यंत्र आम्ही कसं घ्यायचं, सध्या राहू द्या. सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने चाकांकडे पाहिलं.

मला त्याच क्षणी कळलं होतं. वेबवर त्रिकोण दाबला की घडी उलगडते. कागदाला दाबलं तर काय उलगडणार? ‘सूचना’ हा शब्द छापला गेला होता, सूचना छापलीच गेली नव्हती. एकही. ब्रेक लावा हे त्या अख्ख्या देखण्या पुस्तकात कुठेही नव्हतं. आणि ब्रेक कोणी लावलेच नव्हते.

मी बोललो नाही. ज्या माणसाने तीन जणांसमोर आणि तीनशे जणांसमोर सारख्याच आवाजात बोलून दाखवलंय, त्याचं तोंड उघडलं नाही.

अर्थात, वेळ योग्य नव्हती. लोक भावनेच्या भरात होते. अशा वेळी तांत्रिक मुद्दा मांडला तर त्याचा विपर्यास होतो.

१ एप्रिल, मंगळवार

ऑफिसातून परस्पर कारखान्यात. मेहुण्याने सगळे ब्रेक खोलून वर्तमानपत्रावर मांडलेत. प्रत्येक स्प्रिंग घासून बघतोय. मी मदत केली. म्हणजे टॉर्च धरला. तो म्हणाला, भावोजी, तुमचा अभ्यास दांडगा, तुम्हाला यात कुठे दोष दिसतो का? मी म्हटलं की धातू हा फार खोल विषय आहे.

तो म्हणाला, खरंय.

टॉर्च मी दुसऱ्या हातात घेतला. तो म्हणाला, हात दुखत असेल, ठेवा खाली.

३ एप्रिल, गुरुवार

मोठं पाऊल उचललं. जाहीर कबुली दिली.

स्टाइलशीट दुरुस्त केली, छापील प्रतीत आता सगळ्या घड्या उघड्या येतात. वेबवर आवृत्ती १.१ टाकली आणि खाली बदलांच्या यादीत स्पष्ट लिहिलं: ‘छपाईसंबंधी किरकोळ सुधारणा.’ साऱ्या जगाला वाचता येईल अशा ठिकाणी. यापेक्षा उघडपणे माणसाने आणखी काय करावं?

मेहुण्याला लिंक पाठवली. त्याने अंगठा पाठवला. म्हणजे कळलं असावं.

५ एप्रिल, शनिवार

कळलेलं नाही.

सासऱ्यांकडे जेवायला होतो. सासरे एरवी मुलाला कधी बोलत नाहीत. आज बोलले. म्हणाले, मी घरचा होतो म्हणून चाललं, उद्या परका माणूस त्या झोळीतून पडला असता तर? हात राखून काम करायचं नाही हे तुला लहानपणापासून सांगत आलो. मेहुणा खाली मान घालून ऐकत होता. एवढंच म्हणाला की दोष सापडत नाहीये, बाबा, पण सापडेल. नाही सापडला तर यंत्र बनवणंच सोडतो.

सासूबाई मला आग्रह करत होत्या. जावईबापू काही घेतच नाहीत म्हणाल्या. मी घेतलं. दोनदा घेतलं. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं.

घरी येऊन आरशासमोर उभं राहून थोडा सराव केला: “मित्रहो, चूक ही माणसाची नसते, व्यवस्थेची असते.” नीट जमेना. मित्रहो कोण?

६ एप्रिल, रविवार

बायकोने उरलेल्या प्रतींतली एक घेतली. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागली. पेन्सिल घेऊन. मी दोनदा पाणी प्यायला गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ती त्रिकोणावर बोट ठेवून बसली होती.

म्हणाली, “हे उघडत नाही.”

मी म्हटलं की या प्रश्नाला ऐतिहासिक बाजू आहे. मुद्रणकलेच्या

ती म्हणाली, “तुला कधी कळलं?”

मी म्हटलं, मुद्दा कधीचा नसून

“कधी?”

त्याच दिवशी, म्हटलं.

तिने पुस्तक मिटलं. पेन्सिल त्यावर ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं, मला उत्तरं येत होती. मग म्हणाली की माझा भाऊ आठवडाभर चांगले ब्रेक घासतोय आणि तू त्याला टॉर्च दाखवतोयस. जाऊन सांग त्याला. आणि भाषण करू नकोस.

७ एप्रिल, सोमवार

कबुलीचा मसुदा केला. भाग पहिला, पार्श्वभूमी. भाग दुसरा, मर्यादा. भाग तिसरा, आत्मपरीक्षण. पार्श्वभूमीच तीन पानं झाली. चांगली उतरलीय.

फाडली.

८ एप्रिल, मंगळवार

मेहुणा यंत्राखाली झोपून काम करत होता. फक्त पाय दिसत होते. पायांना सांगणं सोपं गेलं. म्हटलं, ब्रेक ठीक होते. पुस्तकात ब्रेक लावा हे छापलंच गेलं नव्हतं. चूक माझी, आणि मला तिथेच कळलं होतं.

पाय हलायचे थांबले. तो सरकत बाहेर आला, चेहऱ्यावर काळं लागलेलं. म्हणाला, “म्हणजे ब्रेक चांगले आहेत?”

हो, म्हटलं.

“नक्की ना, भावोजी?”

त्याने वर्तमानपत्रावरचा एक ब्रेक उचलला आणि दोन्ही हातांत धरून बसला. मी त्याच्या रागाची वाट बघत उभा होतो. रागापर्यंत तो पोचलाच नाही. आपलं काम चांगलं होतं एवढ्यावरच त्याचं भागलं. ज्याच्यासमोर मी दहा दिवस गप्प राहिलो तो माणूस मला स्टूल देऊन बसा म्हणत होता.

निघताना मात्र म्हणाला, वृद्धाश्रमात हे तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर सबब वाटेल. माझ्याकडे पाहत नव्हता.

९ एप्रिल, बुधवार

सांगितलं. व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं, मग विचारलं की मग त्या दिवशी का नाही बोललात? याचं उत्तर तयार होतं, पण ते सगळं मसुद्याच्या तिसऱ्या भागात होतं.

मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तो त्रिकोण मी दाबून पाहिला होता. मला वाटलं, मलाच काही येत नाही. म्हणून कोणाला बोलले नाही.” आणि हसल्या. त्या हसल्या हेच जास्त लागलं. म्हणजे मेहुणा ब्रेकला दोष देत होता, सिस्टर स्वतःला, सासरे मुलाला. त्या सगळ्या हॉलमध्ये खरा दोष माहीत असलेला एकच माणूस होता आणि त्याने कोट घातला होता.

शनिवारी पुन्हा चाचणी. व्यवस्थापकांची अट अशी की या वेळी म्हातारं माणूस झोळीत बसवायचं नाही, तुमच्यापैकी कोणीतरी बसा. मेहुण्याला यंत्राजवळ उभं राहावं लागणार. बायको म्हणाली, बसेल की हा.

११ एप्रिल, शुक्रवार

नवी प्रत घरच्या प्रिंटरवर काढली. बायकोने वाचली, मी पानं दिली. सगळे इशारे उघडे, लाल, ठळक. गोवर परत आला. समासाबद्दल काही बोलणार होतो. राहू दिलं.

संकल्प: यापुढे प्रत्येक छापील पान स्वतः वाचायचं. (चार पानं वाचताना डोळा लागला. ती तिने वाचली.)

१२ एप्रिल, शनिवार

बसलो झोळीत. कोट नव्हता.

सिस्टर वाचत होत्या. स्वतः लिहिलेलं मी आज पहिल्यांदाच सुरुवातीपासून ऐकलं. बरंच जड आहे. ‘तत्पूर्वी’ हा शब्द एवढ्या वेळा कशाला लागतो? ब्रेक लावा आलं. सिस्टरनी एकेका चाकाचा ब्रेक पायाने दाबला, चारही वेळा खट् आवाज आला. मग दांडा. मी वर गेलो. यंत्र जागचं हललं नाही. व्यवस्थापकांनी स्वतः ढकलून पाहिलं, तरी नाही.

पास. ऑर्डर मिळाली. प्रत्येक मजल्याला एक. मेहुण्याचा चेहरा मी वरून पाहिला. हात तो पँटला पुसत राहिला. व्यवस्थापकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळे कागदपत्रांवर सह्या करायला, चहा प्यायला ऑफिसात गेले. बायकोही गेली. सिस्टरना कोणीतरी हाक मारली, त्यांनी पुस्तक पलंगावर पालथं ठेवलं आणि त्याही गेल्या. उतरवण्याची पायरी पुढच्या पानावर आहे.

हॉलमध्ये सासरे राहिले. समोरच्या खुर्चीवर, काठीवर दोन्ही हात ठेवून. मला वाटतं बायकोने त्यांना सगळं सांगितलंय. बराच वेळ ते माझ्याकडे बघत होते, आणि टांगलेल्या झोळीत मी हळूहळू गोल फिरत होतो. कधी ते दिसत, कधी भिंत.

शेवटी म्हणाले, “बोला, जावईबापू. काहीतरी बोला.”

विषय होता. श्रोता होता. कुठल्याही व्यासपीठापेक्षा उंचावर होतो.

काही बोललो नाही. त्यांच्याकडे तोंड आलं तेव्हा मान खाली घातली, मग भिंत आली.